बदकांची चिंधी

४ सप्टेंबर

बेबी,

आशीर्वाद घे आणि आधी चष्मा लाव. मागच्या पत्रात परसातली भिंत पडली असं लिहिलं होतं, ते तू चष्म्याशिवाय वाचलंस आणि मीच पडले म्हणून जिनाभर रडत फिरलीस. मी अजून उभी आहे.

फोन करायचा तर तुला ऐकू येत नाही. मी म्हणते घरामागे चोर आलाय, तू म्हणतेस हो हो, जेवले. म्हणून हा कागद. अक्षर तिसरीतलं आहे, कारण शाळा तिसरीतच सुटली. नाक मुरडू नकोस.

आमची चिमणी शहरातली नोकरी सोडून माझ्याकडे राहायला आली, ते तुला माहीत आहे. माझीच नात, पण डोकं तिच्या आजोबांचं. तिने आता नवीन उद्योग काढलाय. दर रविवारी सकाळी दहा-पंधरा माणसं घेऊन मागच्या डोंगरावर जाते आणि त्यांना झुडपं दाखवते. हा आघाडा, हा माका, ही गुळवेल. उतरल्यावर माझ्या मागच्या खोलीत त्यांची कार्यशाळा भरते. कार्यशाळा म्हणजे मोठमोठी माणसं बाकावर बसून पानं चुरडतात, हुंगतात आणि "अरे वा" म्हणतात. आपण शेळ्यांमागे फिरताना हेच करायचो तेव्हा आईने कधी अरे वा म्हटलेलं मला आठवत नाही.

पोरगी शिकवते मात्र चोख. तिचा नियम कडक आहे. कोणी काही तोंडात घालायचं नाही, बघायचं आणि वास घ्यायचा, बस्स. शनिवारी ती एकटी वर जाऊन झुडपांपाशी काड्या रोवते आणि काड्यांना चिंध्या बांधते. लाल चिंधी म्हणजे पान कामाचं, पिवळी म्हणजे मूळ कामाचं. म्हणजे लोकांच्या लक्षात राहतं.

आता मुद्द्याचं. आपली गुडघेमुळी आठवते? आई तिच्या गुडघ्यांसाठी उकळायची ती. पुस्तकात तिला लांबलचक नाव आहे, चिमणी सांगते आणि मी विसरते. तिची डोंगरावर मोजकीच बेटं उरलीत. गेल्या आठवड्यात त्यातल्या दोन ठिकाणी नुसते खड्डे. मूळ गायब, काडी आडवी, चिंधीही गायब. वनखात्याचा साहेब येऊन बघून गेला. म्हणाला, आणखी खड्डे दिसले तर तुमचं फिरणं बंद करावं लागेल. चिमणी जेवली नाही त्या दिवशी.

ती म्हणते रानडुकरं असतील. मी म्हटलं, बाई गं, डुकराला पिवळा रंग कळतो का? खड्डे फक्त पिवळ्या चिंधीपाशी आहेत. हे त्या रविवारच्या लोकांतलंच कोणीतरी आहे.

माझा संशय टोपीवाल्यावर आहे. मळकी टोपी, जाड मान, कोणाशी बोलणं नाही. बाकीचे विचारतात हे कशावर चालतं, ते कशावर चालतं. हा फक्त एकच विचारतो, "हे कुठे होतं म्हणालात?" आणि चहा घेत नाही. ज्याच्या मनात काही नसतं तो माणूस माझा चहा का नाकारेल?

तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. सून नीट वागते का, तेही.

अक्का

१२ सप्टेंबर

अक्का,

नमस्कार. चष्मा लावला, आता रागावू नकोस.

तुझं पत्र वाचून हसू आलं आणि काळजीही वाटली. तू त्या बिचाऱ्या टोपीवाल्याच्या मागे लागू नकोस बाई. एखाद्याला नसेल सोसत चहा. आमच्या खालच्या मजल्यावरच्या गाणंवाल्या बाई नाहीत का, गाणं शिकवतात त्या, त्याही चहा घेत नाहीत, गळ्याला जपतात. म्हणून काय त्या चोर झाल्या?

माझे गुडघे विचारतेस ना, तर ऐक. इतके छान आहेत की मी परवा जिना उतरून खाली गेले आणि पुन्हा चढूनही आले, मध्ये न बसता! माझ्या लेकाच्या ओळखीचे एक वैद्य आहेत, त्यांच्याकडून तो मूळ आणतो. उकळून प्यायचं. कडू आहे पण गुण येतो. सगळ्या बिल्डिंगमधल्या म्हाताऱ्या माझ्या गुडघ्यांकडे बघत असतात. गाणंवाल्या बाई तर हात धुऊन मागे लागल्यात, मलाही द्या, मलाही द्या.

सून चार दिवस माहेरी गेली आहे. लेक कामानिमित्त फिरतीवर असतो. जाता-येता तुझ्याकडे डोकावतो म्हणाला. तुझ्याकडे त्याला फार आवडतं, मावशी खायला घालते म्हणतो.

तो सहज विचारत होता, चिमणी मधल्या वारीसुद्धा डोंगरावर जाते का? आणि गुडघेमुळी तिथे अजून बरीच आहे ना? मी म्हटलं, मी पत्रात विचारते. तशी घाई नाही काही.

तब्येतीला जप. उगाच वर चढत जाऊ नकोस.

तुझी बेबी

२० सप्टेंबर

बेबी,

चष्मा लाव.

तुझे गुडघे सुधारले हे वाचून बरं वाटलं. त्या वैद्याचं नाव काय, ते तू लिहिलं नाहीस. मूळ कशाचं, तेही नाही. ज्याचं नाव माहीत नाही त्याने दिलेलं नाव माहीत नसलेलं काहीतरी तू रोज पितेस, आणि मला सांगतेस जप. आणि सहज काही विचारणारा माणूस आपल्या घराण्यात तुझा लेक पहिलाच. त्याला सांग, चिमणी मधल्या वारी घरीच असते, पानं वाळवत.

आणखी दोन बेटं गेली. आता वरच्या सपाटीवरचीच काय ती उरली. साहेबाला अजून कळलेलं नाही. खड्डे मीच पाय ओढत जाऊन पानांनी झाकून आले. चिमणीला सांगितलं नाही. तिने या डोंगरासाठी नोकरी सोडली, लग्नाचं एक स्थळ सोडलं, तिच्या बापाशी भांडली. हेही बंद पडलं तर ती परत जाऊन त्याच ऑफिसात त्याच खुर्चीवर बसेल आणि बाप म्हणेल, बघ, मी म्हणत होतो. माझ्या पोराचं ते वाक्य मला ऐकायचं नाही.

मागच्या रविवारी मी टोपीवाल्याला दारातच गाठलं.

म्हटलं, "काय हो, तुम्ही काय करता?"

"गाडी असते."

"कसली गाडी?"

"मोठी."

"आणि तिच्यात भरता काय?"

"माणसं," म्हणाला.

बघितलास उद्दामपणा! म्हाताऱ्या बाईची थट्टा करतो. मी म्हटलं, "चहा घ्या." तो म्हणाला, "नको, सवय नाही." मी म्हटलं, "मग सवय कशाची आहे?" तर टोपी सारखी करून बाकावर जाऊन बसला. माझी खात्रीच पटली. मोठ्या गाडीतून मुळं भरून नेत असणार.

छत्रीवाल्या बाईवरही माझा डोळा आहे. कोरड्या दिवसात टोकदार छत्री कशाला लागते?

तर मी एक गोष्ट केली आहे. सोमवारी सकाळी चिमणी बाजारात गेली तेव्हा वर जाऊन आले. काय केलं ते कागदावर लिहीत नाही, तुझ्या घरात पत्रं कोण कोण वाचतं मला ठाऊक नाही. एवढंच सांगते की येत्या रविवारी मला सगळ्यांचे हात बघायचे आहेत. तळहात. चोर आपल्या हातानेच सापडेल.

हे घरात कोणालाही सांगितलेलं नाही. तुझा लेक बुधवारी आला होता, त्यालाही नाही. दोन रात्री राहिला. गुणी आहे गं पोर. मागच्या खेपेला चिमणीला चिंध्या बांधायला मदत केली, या खेपेला सकाळी उठून एकटाच डोंगरावर फिरून आला, म्हणाला हवा छान आहे. बिस्किटांचा डबा रिकामा केला तो केला, पण स्वतः घासूनही ठेवला. वाळलाय मात्र. सून नीट खायला घालत नाही का? आज सकाळी गेला.

रविवारनंतर लिहीन.

अक्का

२२ सप्टेंबर

अक्का,

नमस्कार. तुझं पत्र अजून आलेलं नाही, पण मीच लिहायला बसले. घर फार शांत आहे. मला ऐकू येत नाही तरी शांत आहे ते कळतं.

लेक परवा रात्री तुझ्याकडून आला. मावशीने खूप लाड केले म्हणाला. येताना माझ्यासाठी नवीन मूळ आणलंय, भलीमोठी जुडी. गॅलरीत वर्तमानपत्रावर वाळत घातली आहे. वाळल्याशिवाय उकळायचं नाही असं मी ठरवलंय, ओलं असलं की फार उग्र लागतं. पण गाणंवाल्या बाईंना कुठला धीर! त्या अर्धी जुडी ओलीच घेऊन गेल्या. त्यांचं म्हणणं आधी आठवडाभर फडताळात ठेवून मुरवायची, मग प्यायची. त्यांच्या आजीची पद्धत म्हणे.

पोराचे हात बघवत नाहीत गं. दोन्ही तळव्यांना पाण्याने भरलेले फोड. म्हणतो, कुठेतरी गरम पत्र्याला हात लागला. मी मलम लावलं तर लहानपणी करायचा तसा हात मागे ओढला. आज पुन्हा बाहेर गेलाय, केव्हा येईल सांगितलं नाही.

एक गंमत. जुडीला बांधायला एक गोड चिंधी होती. पिवळी, आणि तिच्यावर छोटी छोटी बदकं. एकामागे एक ओळीने चाललेली, शेवटचं बदक मागे वळून बघतंय. मी ती धुऊन चष्म्याला दोरी म्हणून बांधली. आता चष्मा हरवत नाही. बघ, तुझी एक कटकट तरी संपली.

तू डोंगरावर चढू नकोस हं.

बेबी

२५ सप्टेंबर

बेबी,

ते मूळ उकळू नकोस. गॅलरीतलं उचल, पिशवीत घाल, हात साबणाने धू. गाणंवालीकडे आत्ताच्या आत्ता जा आणि तिच्या फडताळातलं काढून घे. ते मूळ विषारी रडवीचं आहे. गुडघेमुळी नाही. रडवी.

पिवळ्या चिंध्या मी सोमवारी रडवीपाशी नेऊन बांधल्या. ती उपटली की तळव्याला फोड येतात, म्हणून. रविवारी मी चहा देताना सगळ्यांचे हात बघितले. सगळ्यांचे स्वच्छ. आता तुझं पत्र आलं.

बदकांचा पडदा चिमणीच्या पाळण्यावर मी शिवला होता. तोच फाडून तिने चिंध्या केल्या.

चिमणी तुझ्या लेकाला फोन लावतेय, बंद आहे. सुनेला लावला, ती म्हणाली ती ते घर सोडून गेली त्याला महिने झाले आणि शेजारचे नंबर तिच्याकडे नाहीत. चार दिवस माहेरी, असं लिहिलं होतंस तू मला.

हे पत्र टोपीवाला आणतोय. तो चोर नाही. तुमच्या शहराच्या बसचा ड्रायव्हर आहे, रविवारी हात बघताना कळलं. दुपारची बस तोच नेतो. तू बेल ऐकणार नाहीस म्हणून त्याला सांगितलंय की पत्र दाराखालून आत सरकवायचं आणि तू उघडेपर्यंत हलायचं नाही.

त्याच्याकडच्या पिशवीत रडवीची फांदी आहे, चिमणीने दिली. कोणी प्यायलं असेल तर दवाखान्यात ती फांदी दाखवायची. तू प्यायली असशील तर तूच जा. पत्राचं उत्तर लिहीत बसू नकोस.

अक्का

२ ऑक्टोबर

अक्का,

चष्मा लावूनच लिहिते आहे.

तुझा टोपीवाला आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. दाराखाली कागद दिसला. दार उघडलं तर तो पायरीवर बसला होता, मांडीवर पिशवी. माझ्याशी बोलायला त्याने बसच्या तिकिटामागे लिहिलं, "कोण प्यायलं?"

मी प्यायले नव्हते. तुझ्या पत्रामुळे नाही. आदल्या दिवशी जुडी वाळली असं वाटून पातेल्यात टाकली आणि पहिली वाफ आली तशी मी मागे सरले. कान गेले माझे अक्का, नाक नाही. आई आपल्याला रडवीजवळून गेलं तरी तीन वेळा हात धुवायला लावायची. तो वास मी विसरेन? मी पातेलं मोरीत ओतलं आणि खुर्चीवर बसले. गाणंवाल्या बाईंची आठवण यायला हवी होती. त्या आठवडाभर मुरवणार आहेत, एवढ्यावर मी निर्धास्त राहिले. आणि माझ्या डोक्यात तेव्हा दुसरंच चाललं होतं. ते पुढे लिहिते.

त्यांनी आठवडा वाट पाहिली नाही. टोपीवाला आला त्याच सकाळी कपभर प्यायल्या होत्या. आम्ही खाली गेलो तेव्हा त्या न्हाणीघराच्या दारात आडव्या होत्या, तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी. तुझ्या ड्रायव्हरने त्यांना उचललं आणि कोपऱ्यावर उभ्या केलेल्या बसमध्ये घातलं. बसमध्ये माणसं होती. कोणी ओरडलं असेल तर मला ऐकू आलं नाही. बस सरळ दवाखान्यात. फांदी बघून डॉक्टरांना उपाय पटकन कळला. त्या आहेत. अजून झोपूनच आहेत आणि आवाज बसलाय. परत येईल म्हणतात, कधी ते सांगत नाहीत. गाणं शिकवणारी बाई आहे गं ती.

त्याला मी नंतर विचारलं, सारखं कुठे, कुठे का विचारता? त्याने लिहिलं, "मला नावं लक्षात राहत नाहीत. स्टॉप राहतात." आणि चहा नको म्हणतो कारण गाडीवर असताना मध्येच उतरता येत नाही. तू एका माणसाला त्याच्या मूत्राशयावरून चोर ठरवलंस.

आता माझं. सून गेली, हो. लेकाचं काम गेलं, हो. मी लिहिलं नाही, कारण तू म्हणाली असतीस की मी म्हणत होते. त्याने पहिल्यांदा मूळ आणलं तेव्हाच मातीचा वास मला ओळखीचा वाटला होता. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला खोटं बोलावं लागलं असतं. आणि माझे गुडघे खरंच बरे झाले होते. मग बायका मागू लागल्या, मला मोठेपणा वाटला, मी त्याला म्हणायचे जरा जास्त आण. तुझे खड्डे माझ्या तोंडामुळे वाढले.

पण मी त्या खुर्चीवर बसून काय विचार करत होते ते तुला सांगायलाच हवं. तुझं तळहातांचं पत्र तोवर आलं होतं आणि पोराचे फोड मी बघितले होते. मला वाटलं, अक्काला कळलंय. तिने ओळखलं कोण नेतो आणि कोण पितं. आणि तिने हे पाठवलं.

तुला माहीत होतं का, अक्का? मी पिते हे?

पोर काल आला. हातांची सालं निघताहेत. गाणंवाल्या बाईंच्या दवाखान्याच्या दारात बसून असतो, आत जात नाही.

बेबी

९ ऑक्टोबर

बेबी,

नाही. माहीत नव्हतं.

आता यावर तू विश्वास ठेवशील की नाही, मला सांगता येत नाही. महिनाभर मी दुसऱ्यांकडे ज्या नजरेने बघितलं त्याच नजरेने तू माझ्याकडे बघितलंस, त्यात चूक काय आहे? मीही हेच धरून बसले असते. आणखी सांगते. तुझ्या जागी मी असते तर विचारलंही नसतं, सरळ पत्रं बंद केली असती. तू विचारलंस. तू लहानपणापासून माझ्यापेक्षा बरी आहेस, पण हे मी पुन्हा लिहिणार नाही.

मी हातांचा विचार केला, तोंडांचा केला नाही. खणणारा मूळ खणून खिशात ठेवत नाही, ते कोणाच्या तरी पातेल्यात जाणार, एवढं मला त्या डोंगरावर गाठ मारताना सुचायला हवं होतं. चोर दिसायचा म्हणून इतकी घाई झाली होती की बाकी काही दिसेना. पिणारी तू नसतीस, तुझ्याऐवजी कोणी अनोळखी असती, तरी तो कप माझाच होता. तो गाणंवालीने घेतला. तिचा आवाज आला की पहिल्यांदा ती मला शिव्या देईल. त्या तिच्या ओठांकडे बघून लिहून घे आणि पाठव. एकही गाळू नकोस, मी ओळखीन.

चिमणीला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं होतं. त्या शनिवारी ती वर गेलीच नव्हती, रविवारी तिने रडवीपाशी चिंध्या बघितल्या होत्या, लोकांना लगेच मागे घेतलं होतं, आणि दिवसभर स्वतःलाच बोल लावत बसली होती की माझ्याच हातून चूक कशी झाली. मी तेव्हा चहा गाळत राहिले. आता ती माझ्यापुढे ताट ठेवते, औषधाची गोळी ठेवते, आणि जाते. बोलत नाही. तिचं बरोबर आहे.

साहेबाकडे मी स्वतः गेले. खड्डे कोणी खणले ते सांगितलं, चिंध्या कोणी हलवल्या तेही. तो म्हणाला, "आजी, तुमच्या घरात आणखी कोणी आहे का काही करायचं राहिलेलं?" डोंगर पुढच्या वर्षापर्यंत बंद. चिमणी आता मागच्या खोलीतच कुंड्यांवर शिकवते. माणसं कमी येतात. छत्रीवाली येते. छत्रीचं टोक ती उतारावर रोवून चालते, तिचं एक पाऊल कृत्रिम आहे. मला आता विचारायची भीती वाटते कोण कशाने काय करतं.

चिंध्या बंद. टोपीवाल्याने चिमणीला नवीन रीत दिली आहे. डोंगर म्हणजे बसचा मार्ग, प्रत्येक झाड म्हणजे स्टॉप, आणि लोकांनी ते डोक्यात ठेवायचे. मोठा खडक, मग वळण, मग आघाडा, उतरणारे उतरा. माणसं हसतात पण पाठ होतं. रविवारी त्याची सुट्टी असते, तेव्हा आता अर्धा कप चहा घेतो. मी त्याची माफी मागितली नाही. दोन बिस्किटं जास्त ठेवते, त्याला कळतं.

तुझा लेक इथे आला आहे. तू पाठवलंस की आपणहून, ते मी विचारलं नाही. दारात उभा राहिला, आत येईना. चिमणीने त्याच्या हातांकडे बघितलं, जुने हातमोजे दिले आणि फावडं दिलं. साहेबाची परवानगी काढून दोघं वर जातात, तो खड्डे भरतो, ती रोपं लावते. त्याच्याशीही ती बोलत नाही, पण माझ्यापेक्षा त्याला दोन शब्द जास्त मिळतात. खातो मात्र पहिल्यासारखा. सून येईल की नाही ते त्याचं त्याने बघावं, पण तिला आधी खरं सांग म्हटलंय.

तुझे गुडघे पुन्हा धरले असतील. मूळ थांबलं, जिना तर आहेच. चिमणीच्या एका कुंडीत गुडघेमुळी आहे, तिने बी पेरून वाढवलेली. डोंगरावरची नव्हे. मी मागितली तेव्हा तिने पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाली, "मी माझ्या हाताने काढीन. तू हात लावायचा नाहीस." मी लावला नाही. तिने काढली, धुतली, वाळवली, तिनेच बांधली. बदकांची एकच चिंधी उरली होती, त्या चिंधीने.

ती जुडी टोपीवाला आणेल. त्यातला एक तुकडा मी इथे उकळून प्याले, तुझ्या लेकासमोर. तो साक्षीला आहे, पण त्याच्या शब्दाची किंमत सध्या तुला आणि मला सारखीच माहीत आहे. तेव्हा त्याचं ऐकू नकोस, माझंही ऐकू नकोस. पातेलं ठेव, वाफ येऊ दे आणि वास घे. नाही पटलं तर मोरीत ओत. मला राग येणार नाही. येईल, पण मी कळवणार नाही.

अक्का

१६ ऑक्टोबर

अक्का,

वास घेतला. खिडकी लावून पुन्हा घेतला.

मग प्याले.

आईपेक्षा तुझ्या चिमणीची कडू आहे. गाणंवाल्या बाईंना काल "सा" लागला, मला ऐकू आला नाही पण त्यांचा हात वर गेला. शिव्या अजून यायच्या आहेत. वही आणून ठेवली आहे.

बेबी